सायनसच्या सीटी रिपोर्टात एवढं काय काय लिहिलेलं असतं?

अंधारखोली (धागाकर्ता)

इथल्याच एका सर्दीच्या धाग्यावर मध्यंतरी कुणीतरी आपला सायनसचा सीटी रिपोर्ट जसाच्या तसा टाकला होता आणि खाली विचारलं होतं, "यातला कॅन्सर कुठला?" कॅन्सर नव्हताच, खरं तर फारसा आजारही नव्हता. पण कोंका बुलोसा, हॅलर सेल, ओनोडी सेल, केरॉस टाइप टू अशी नावं एकाखाली एक आली की कुणाचीही तंतरते. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, असले रिपोर्ट रोज लिहितो, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

मुळात तो रिपोर्ट तुमच्यासाठी लिहिलेलाच नसतो. पैसे तुम्ही भरता, पण तो वाचणार असतो कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्याला विचारायचं असतं की आजार कुठे आहे, आणि उद्या दुर्बीण घालून आत शिरायची वेळ आलीच तर या माणसाच्या नाकात वाट कशी आहे. ती भयंकर नावं बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं असतात.

थोडी रचना सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. गालात मॅक्झिलरी सायनस, दोन डोळ्यांच्या मधे इथमॉइड, कपाळात फ्रंटल आणि पार मागे, कवटीच्या तळाशी मधोमध स्फिनॉइड. यातला इथमॉइड म्हणजे एक पोकळी नसून लहान लहान हवेच्या कप्प्यांचा घोळका असतो. हे कप्पे प्रत्येकात वेगळे वाढतात आणि शेजारच्या हाडात जागा मिळेल तिथे घुसतात. निम्मी अवघड नावं या घुसखोरीचीच आहेत. डोळ्याच्या खोबणीखाली, गालाच्या सायनसच्या छताला कप्पा गेला की हॅलर सेल. अगदी पुढे, नाकाच्या मुळाशी असला की अ‍ॅगर नेसाय, आणि हा तर बहुतेक सगळ्यांना असतो. मागे स्फिनॉइडच्या डोक्यावर चढून बसला की ओनोडी सेल. मधल्या टर्बिनेटच्या आत हवा शिरून तो फुगला की कोंका बुलोसा. टर्बिनेट म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरून आत झुकलेली, वर मऊ अस्तर असलेली पातळ हाडं. प्रत्येक नाकपुडीत तीन. लोक "नाकात मांस वाढलंय" म्हणतात ते बहुधा सगळ्यात खालच्या टर्बिनेटबद्दल असतं.

आता हे महत्त्वाचं कधी ठरतं? कपाळाचा सायनस, गालाचा सायनस आणि पुढचे इथमॉइड कप्पे, या सगळ्यांचा निचरा मधल्या टर्बिनेटच्या आडोशाला, काही मिलिमीटरच्या एका अरुंद जागेत होतो. जुन्या चाळीत सगळ्या खोल्यांना मिळून एकच मोरी असावी तसा प्रकार. तिथे अस्तर सुजलं की तिन्ही तुंबतात. मागचे इथमॉइड कप्पे आणि स्फिनॉइड मात्र स्वतंत्रपणे मागच्या बाजूला रिकामे होतात.

गंमत म्हणजे गालाच्या सायनसचं तोंड त्याच्या तळाला नसून वर असतं. म्हणजे उभ्या माणसात स्राव चढून बाहेर यायला हवा, आणि तो येतोही. आतल्या अस्तरावरची सूक्ष्म लव त्याला ठरलेल्या वाटेने त्या छिद्राकडे ढकलत नेते. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी या वाटांचा बारकाईने अभ्यास केला. पूर्वी निचऱ्यासाठी नाकातून गालाच्या सायनसला खालच्या अंगाने दुसरं भोक पाडत. पण स्राव त्या नव्या भोकाला बगल देऊन वरच्या मूळ छिद्राकडेच जायचा! दुर्बिणीच्या आजच्या ऑपरेशनची पूर्ण कल्पनाच यावर उभी आहे: मूळ वाट मोकळी करा, सायनस आपलं आपण सुधारतो. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत केनेडी यांनी या पद्धतीला 'फंक्शनल' हे विशेषण जोडलं आणि 'फेस' (फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी) हे नाव रुळलं.

म्हणून मी सीटी बघताना कोंका बुलोसा आहे की नाही यापेक्षा त्याच्या शेजारची ती फट मोकळी आहे का, हे आधी बघतो. फुगलेला टर्बिनेट आणि शेजारी काळीभोर, म्हणजे हवेने भरलेली वाट दिसली, तर तो टर्बिनेट बिचारा निरुपद्रवी. १९९१ साली बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २०२ सीटी तपासले होते. निम्म्याहून जास्त जणांच्या मधल्या टर्बिनेटमध्ये कमीजास्त हवा होती. सायनसचा त्रास असलेल्यांत आणि दुसऱ्याच कारणासाठी सीटी काढलेल्यांत हे वेगळेपण साधारण सारख्याच प्रमाणात सापडलं. नाकाचा पडदा थोडा वाकडा असण्याचंही तेच. अगदी सरळ पडदा दिसला तर मीच दोनदा बघतो.

मात्र काही गोष्टी पेशंटला जाणवत नाहीत आणि सर्जनला मात्र घाम फोडतात. त्यातली पहिली केरॉस. वासाच्या नसा जिथून मेंदूकडे जातात तिथे कवटीच्या तळाला एक खाच असते. ही खाच किती खोल, यावरून केरॉस यांनी १९६२ साली तीन प्रकार केले: १ ते ३ मिमी, ४ ते ७ मिमी आणि ८ ते १६ मिमी. खाच जितकी खोल, तितकी तिची बाजूची अतिशय पातळ भिंत उंच आणि उघडी. सर्जनचं हत्यार त्या भिंतीतून गेलं तर मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळू लागतं. दुसरी ओनोडी. या कप्प्याला लागूनच डोळ्याची मुख्य नस जाते, कधी कधी तर ती कप्प्यात पुढे आलेली असते. स्फिनॉइड समजून हा कप्पा उघडायला गेलं तर काय होईल ते सांगायला नको. तिसरी, स्फिनॉइडच्या आतला पडदा. तो क्वचितच मधोमध असतो. बऱ्याचदा तिरका जाऊन मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीवरच्या हाडाला चिकटतो. तो पिरगाळून काढणं म्हणजे काय, हे सर्जनला आधी कळलेलं बरं.

ही यादी रिपोर्टात असली तर घाबरू नका. उलट रेडिऑलॉजिस्टने नीट बघितलंय असं समजा. ज्या रिपोर्टात नुसतंच "डीएनएस, सायनसायटिस" (वाकडा पडदा, सायनसची सूज) लिहिलंय, त्यावर ऑपरेशनला जाताना मी जास्त घाबरेन.

विचारा काय विचारायचं ते. फक्त इथे फोटो टाकून निदान मागू नका.

शेवग्याची_शेंग

मस्त लेख, डॉक. माझी शंका बालिश वाटेल. माझी फिल्म खिडकीसमोर धरून पाहिली तर पडदा डावीकडे वळलेला दिसतो, रिपोर्टात मात्र उजवीकडे लिहिलंय. टायपिंगची चूक असेल का? सेंटरवर विचारलं तर रिसेप्शनची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिपोर्ट बरोबर असतो."

अंधारखोली

ताई, रिपोर्ट बरोबर असावा. सीटी बघताना पेशंट आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरतात. त्यामुळे फिल्मच्या डाव्या हाताला तुमची उजवी बाजू येते. चित्राच्या कडेला बारीक 'आर' किंवा 'एल' असतो, तो बघा. आणि फिल्म उलटी धरली नव्हती ना, तेही बघा. अक्षरं सुलटी वाचता आली पाहिजेत.

कोकणचा_भट

माझ्या रिपोर्टात "उजवा इन्फिरिअर टर्बिनेट हायपरट्रॉफी", म्हणजे खालचा टर्बिनेट वाढलेला, असं आहे. पण आमचे आजोबा म्हणायचे, नाकाचा एक स्वर चालू असतो तेव्हा दुसरा बंद असतो, आणि काही वेळाने पालटतो. मग त्या वेळी माझा डावा स्वर चालू असेल, असं नाही का होणार?

अंधारखोली

भटजी, तुमच्या आजोबांचं निरीक्षण एकदम बरोबर. चंद्रस्वर-सूर्यस्वराचे बाकीचे फलादेश मी बाजूला ठेवतो. पण दोन बाजूंच्या टर्बिनेटमधलं रक्त आलटूनपालटून, काही तासांनी, कमीजास्त होतं हे खरं आहे. १८९५ मध्ये कायझर या जर्मन डॉक्टरने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सीटी म्हणजे त्या चक्रातला एक क्षण. एका बाजूचे टर्बिनेट आणि पडद्याचं अस्तर जाड, दुसरीकडे सपाट, असं दिसलं तर मी "नेझल सायकल" असा उल्लेख करतो. सगळेच करतात असं नाही. खरंच वाढलंय का हे ठरवायला डॉक्टरने नाकात थेंब घालून, सूज उतरवून तपासणं जास्त खात्रीचं. पडदा एकीकडे वाकला असेल तर रिकाम्या बाजूचा टर्बिनेट कायमचा मोठा झालेला असतो, ती गोष्ट वेगळी.

दंतकथा

दाताची डॉक्टर आहे म्हणून मधे तोंड घालते. एकाच गालाचा सायनस भरलाय, नाकातून घाण वास येतो, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स झालेत, अशी माणसं आमच्याकडे शेवटी येतात. वरच्या पहिल्या आणि दुसऱ्या मोठ्या दाढेची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असतात, काहींची तर आत डोकावतात. मुळाशी पू झाला की थेट वर. दाढ दुखेलच असं नाही, विशेषतः रूट कॅनाल झालेली असेल तर. अंधारखोली, तुमची जमात रिपोर्टात दातांकडे बघते का हो?

अंधारखोली

टोमणा पोचला. बघायलाच हवं, आणि बरेचदा राहून जातं. कपाळ, डोळे, इथमॉइड बघण्यात इतकं लक्ष गुंतलेलं असतं की तळाशी मुळाभोवतीचा काळा गोल आणि त्यावर तुटलेली हाडाची रेघ नजरेतून निसटते. कधी कधी स्कॅनच दातांच्या वर संपवलेला असतो.

तुमच्या मुद्द्याला जोडून सगळ्यांसाठी सांगतो. एकाच बाजूचा सायनस भरलाय, म्हणजे 'युनिलॅटरल', हा शब्द रिपोर्टात शोधा आणि असेल तर त्याचा पाठपुरावा करा. दोन्हीकडे थोडी थोडी सूज ही बहुधा अ‍ॅलर्जी-सर्दीची कहाणी असते. एकाच बाजूला असेल तर दाढ, बुरशीचा गोळा, पॉलिप (सुजलेल्या अस्तराचा लोंबता फुगवटा), क्वचित गाठ, हे सगळं बघावं लागतं. हॅलर सेलपायी झोप उडवून घेणारे लोक नेमका हा शब्द सोडून देतात.

तात्या_वऱ्हाडी

बुरशीवरून आठवलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्याकडे काळ्या बुरशीचे पेशंट काही कमी नव्हते. आमच्या काकांचा पहिला सीटी "माइल्ड म्युकोसल थिकनिंग" एवढाच होता न भाऊ, अन् चार दिवसांत डोळा सुजला. सीटीत दिसत नाही का ते?

अंधारखोली

तात्या, सुरुवातीला सीटी खरंच फसवा असू शकतो. अस्तर थोडं जाड, हाडं शाबूत. गालाच्या सायनसच्या मागे चरबीची एक पट्टी असते. ती गढूळ दिसली तर धोक्याची घंटा, हाड खाल्लं जायच्या आधीची. त्या वर्षी ती पट्टी बघायची आम्हा सगळ्यांना सवयच लागली. पण साखर वाढलेली, स्टेरॉइड झालेली, गाल बधिर, डोळा दुखतोय अशा माणसात सीटी साधा आला म्हणून थांबायचं नसतं. नाकात दुर्बीण, तिथला तुकडा तपासणं आणि एमआरआय. काका कसे आहेत?

तात्या_वऱ्हाडी

डोळा गेला, जीव वाचला. आता बरे आहेत.

जर्सीची_सून

मी इकडे न्यू जर्सीत. वर्षानुवर्षं "सायनसचं डोकं" म्हणून गोळ्या घेत होते. कपाळ आणि डोळ्यांमधे दुखायचं, नाकही चोंदायचं, हवा बदलली की हमखास. सीटीत छोटा कोंका बुलोसा आणि वाकडा पडदा. एका सर्जनने दोन्ही काढायचा सल्ला दिला. दुसऱ्याने न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं आणि ती निघाली अर्धशिशी! आता तिची औषधं घेते, नाक जसं होतं तसंच आहे.

अंधारखोली

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. तुमच्याच देशात २००४ साली एक मोठी पाहणी झाली. जवळजवळ ३,००० माणसं, सगळी "मला सायनसची डोकेदुखी आहे" म्हणणारी. त्यातल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं अर्धशिशीच्या व्याख्येत बसली. अर्धशिशीत नाक चोंदणं, पाणी येणं, हवाबदलाने उठणं हे सगळं होतं. घट्ट पिवळा शेंबूड नाही, वास येणं कमी झालेलं नाही, पण उजेड सहन होत नाही, मळमळतं, असं असेल तर आधी तिकडे बघा.

पडद्याचा काटा, म्हणजे त्यावरचं टोकदार हाड, समोरच्या टर्बिनेटला टोचतोय म्हणून डोकं दुखतं, असं निदानही केलं जातं. काही मोजक्या लोकांत ते खरं असेल. पण असे काटे टेकलेले आणि डोकं मुळीच न दुखणारे लोक मी रोज बघतो.

स्पष्टवक्ता_पुणे

म्हणजे थोडक्यात, पडद्याची ऑपरेशनं हा धंदा आहे. आमच्या ओळखीत तिघांची झाली, तिघांचीही सर्दी तशीच. सीटी दाखवायचा, "बघा किती वाकडं हाड" म्हणायचं, आणि तारीख द्यायची.

अंधारखोली

तसं सरसकट मी म्हणणार नाही. पडदा इतका वाकडा की एका नाकपुडीने श्वासच जात नाही, अशा माणसाला ऑपरेशननंतर खरंच बरं वाटतं. ते ऑपरेशन श्वासाच्या वाटेसाठी आहे. अ‍ॅलर्जीची सर्दी त्याने जाणार नव्हतीच, आणि हे तुमच्या ओळखीच्यांना आधी सांगायला हवं होतं. सीटीतला वाकडेपणा बघून ऑपरेशन ठरवणं मला पटत नाही. "कुठली तक्रार, कुठल्या बाजूला, आणि ऑपरेशनने त्यातली कुठली जाईल?" एवढं विचारा आणि उत्तर ऐका. सलाइनने नाक धुणं आणि स्टेरॉइडचा स्प्रे काही आठवडे, तोही नीट दिशेने मारून, हे न करता थेट तारीख मिळत असेल तर दुसरं मत घ्या.

कोकणचा_भट

जलनेती चालेल ना?

अंधारखोली

चालेल. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं थेट नको.

पिल्लूची_आई

माझा मुलगा ५ वर्षांचा आहे. सतत सर्दी, म्हणून एका ठिकाणी सीटी काढायला लावला. रिपोर्टात "फ्रंटल सायनस नॉट डेव्हलप्ड" आणि सगळ्या सायनसमध्ये सूज. कपाळाचा सायनस नसणं म्हणजे काही व्यंग आहे का?

अंधारखोली

अजिबात नाही. जन्मताना मुलाला गालाचे आणि इथमॉइड सायनस छोटे छोटे असतात. स्फिनॉइडमध्ये हवा काही वर्षांनी शिरते, कपाळाचा सायनस चित्रात साधारण सहा-आठ वर्षांपासून दिसू लागतो आणि पौगंडावस्था संपेपर्यंत वाढत राहतो. काही धडधाकट मोठ्या माणसांनाही तो नसतो, किंवा एकाच बाजूला असतो.

सूज म्हणाल तर सर्दी चालू असताना काढलेल्या सीटीत सूज दिसणारच. १९९४ साली साध्या सर्दीच्या ३१ मोठ्या माणसांचे सीटी काढले होते, ८७ टक्क्यांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. ज्यांचा सीटी दोन आठवड्यांनी पुन्हा काढला, त्यातल्या बहुतेकांचा तो अँटिबायोटिकशिवाय निवळला किंवा बराच कमी झाला. मुलांत तर आधी नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडकडे (तिथला टॉन्सिलसारखा मऊ भाग) आणि अ‍ॅलर्जीकडे बघतात. घोरतो का? तोंड उघडं ठेवून झोपतो का?

पिल्लूची_आई

दोन्ही हो. सीटीचं रेडिएशन फार झालं असेल का हो, तेही टोचतंय.

अंधारखोली

सायनसचा सीटी साधारण एक मिलिसिव्हर्टच्या (हे रेडिएशन मोजायचं एकक) आत बसतो. नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. एकदा झाला, सोडून द्या, फक्त "बरं झालं का बघू" म्हणून पुन्हा काढू नका. घोरणं आणि तोंडाने श्वास, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला नक्की सांगा.

खाकी_निवृत्त

थोडं अवांतर. नोकरीत असताना एका फॉरेन्सिकवाल्याने सांगितलं होतं की कपाळाच्या सायनसवरून मृतदेहाची ओळख पटवतात. खरं का?

अंधारखोली

खरं. त्याची किनार प्रत्येकाची वेगळी असते, अगदी एकसारख्या जुळ्यांचीही. जिवंतपणीचा एक्स-रे किंवा सीटी उपलब्ध असेल तर ताडून बघतात. एरवी त्या सायनसचा उपयोग काय, यावर अजून वाद आहेत.

मोगरा_७२

माझं पॉलिपचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालंय. आता पुन्हा वास येईनासा झालाय. नवे डॉक्टर परत सीटी मागताहेत. जुना आहे म्हटलं तर म्हणाले, दोन्ही आणा. जुन्याचं लोणचं घालायचंय का त्यांना?

अंधारखोली

डॉक्टर बरोबर सांगताहेत. पहिल्या ऑपरेशनात सर्जन ज्या खुणा धरून आत जातो त्यातल्या काही कापलेल्या असतात. मधला टर्बिनेट अर्धा नसतो, इथमॉइडचे कप्पे उघडलेले असतात, कुठे डोळ्याकडची पातळ भिंत उघडी पडलेली असते. नव्या सीटीत आज काय उरलंय ते दिसतं. मूळचं काय होतं, खाच किती खोल होती, ओनोडी होता का, ते जुन्यात नीट दिसतं. फिल्मपेक्षा सीडी न्या, सर्जनला ती तिन्ही बाजूंनी फिरवून बघता येते. आणि पहिल्या हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या. डिस्चार्ज कार्डवर एका ओळीत जे असतं ते पुरत नाही. त्या वेळी काढलेल्या पॉलिपचा तपासणी रिपोर्ट असेल तर तोही सोबत ठेवा, आणि दमा किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी त्रास होत असेल तर ते आपणहून सांगा. पॉलिप परत येण्याशी त्याचा संबंध असतो.

मोगरा_७२

दमा आहे. कुणी विचारलंच नव्हतं. सांगते.